तुझा दुसरा आवाज

दादा,

तेरावं उरकून काल मी नाशिकला परत आले. कुलूप उघडलं, पिशव्या ठेवल्या आणि सवयीनं फोन हातात घेतला, 'पोचले' म्हणून तुला सांगायला. तुझ्या नावापर्यंत बोट गेलं आणि मग लक्षात आलं. तशीच सोफ्यावर बसून राहिले. आमच्या ह्यांनी ते पाहिलं आणि उठून चहा टाकला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसानं आपणहून गॅस पेटवलेला मी पहिल्यांदा पाहिला. तू असतास तर खांदे गदगदा हलवून हसला असतास आणि म्हणाला असतास, "बेबे, मी मेलो तवा कुढं दाजी कामाला लागले."

दहाव्यापासून तेराव्यापर्यंत घरी माणसांची रीघ होती. जो तो वहिनीपुढे बसायचा, डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "फार सोसलं बिचाऱ्यानं." दोन-चारदा मी ऐकून घेतलं. मग माझं डोकं फिरलं. त्याला फार वेळ लागत नाही, तुला माहीतच आहे. एका काकूंना मी म्हटलं, "काकू, सोसलं खरं, पण बिचारा कोण? आमच्या दादाशी वाद घालायला गेलेली माणसं बिचारी." काकू दचकल्या. वहिनीनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि कोथिंबीर निवडायला बसवलं.

म्हणून हे लिहितेय. तू काय काय सोसलंस ते गावाला पाठ आहे. कसं सोसलंस ते मी पाहिलंय, कारण त्यातलं बरंचसं माझ्या सिडकोतल्या दोन खोल्यांत घडलं. शिवाय आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. ते असं मध्येच टाकून जायला नको होतंस.

आपण दोघांनीही आवाजावरच पोट भरलं. मी शाळेत पोरांना गप्प बसवून पगार घेतला आणि तू लासलगावच्या मार्केटात ओरडून. कांद्याच्या ट्रॉल्यांची लांबच लांब रांग, एकेका ट्रॉलीपाशी व्यापाऱ्यांचा घोळका आणि त्यांच्यापुढे लिलाव पुकारणारा तू. ट्रॅक्टर घुरघुरत असले, हॉर्न वाजत असले, तरी तुझं "बोला, बोला" रांगेतल्या शेवटच्या ट्रॉलीवर बसलेल्या बाईला ऐकू जायचं. मार्केटात तुला भोंगा म्हणायचे. आई म्हणायची, "हा पोटात होता तवाबी वरडत असंल." शेतकरी तुझ्या आवाजावरून ओळखायचे, आज बाजार चढणार की पडणार. ते खरं होतं की नाही देव जाणे, पण तू ते कधी खोडून काढलं नाहीस.

तुझा घसा बसला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. मार्केटात सगळ्यांचेच घसे बसलेले. धूळ, कांद्याची फोलपटं आणि दिवसभराचा आरडाओरडा. उलट तुमच्यात म्हणच होती, घसा बसला म्हणजे सीझन चांगला चाललाय. तुझे सोबती तुझी पाठ थोपटायचे. वहिनी हळदीचं दूध द्यायची आणि तू ते पिऊन वर बिडी ओढायचास. सीझन संपला, मार्केट थंडावलं, तरी घसा सुटला नाही, तेव्हा वहिनीनं मला फोन केला. ती सहसा फोन करत नाही, म्हणून मी घाबरले.

नाशिकच्या डॉक्टरांनी सगळं तपासून स्पष्ट सांगितलं. कॅन्सर आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला पुढून एक भोक राहील आणि पुढे आयुष्यभर त्यातूनच श्वास घ्यायचा. जीव वाचायची आशा चांगली आहे, पण आवाज राहणार नाही.

तू उठलास आणि सरळ बाहेर चालू लागलास. मी मागे धावले. समोरच्या मिसळीच्या दुकानात तू जाऊन बसलास आणि दोन मिसळी सांगितल्यास, जणू आपण त्यासाठीच आलो होतो. मी बोलायला लागले. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण वर्गात उभी असल्यासारखीच बोलले असणार. तू तर्री ओतून घेतलीस आणि त्या बसलेल्या घशानं म्हणालास, "बेबे, आवाज म्हंजी माझी नोकरी नाय. आवाज म्हंजी मी हाय."

मी म्हटलं, "मला भाऊ पाहिजे. आवाज नको."

"तुला भाऊ पायजे. मंग मला मी नको का?"

तू दोन्ही मिसळींचे पैसे दिलेस आणि एसटी धरून गावी गेलास. मी रोज फोन करून भांडायचे. तू ऐकायचास आणि ठेवून द्यायचास. एकदा मी फोनवर रडले. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी दारात तू आणि वहिनी उभे. हातात बॅग. "कुढं सही करायची, सांग," एवढंच म्हणालास. माझ्या रडण्यानं आलास, वहिनीच्या तोंडाकडे बघून आलास, की तुझं तूच ठरवलंस, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आपलं अर्धं राहिलेलं भांडण ते हेच.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. शेजारीपाजारी येऊन कुजबुजत बोलत होते. तुला ते सहन झालं नाही. तू उठलास, आमच्या ह्यांची आरामखुर्ची ओढून खोलीच्या मधोमध ठेवलीस आणि एकदम पुकारा सुरू केलास. बसलेलाच आवाज, पण भिंती हादरल्या. "बघा शेठ, सागवानी माल हाय, एका पायात लंगडा, पण बसणाऱ्याला झोप लागतीच, बोला." शेजारच्या देशपांडे वहिनींनी तोंडाला पदर लावून पन्नास रुपये म्हटलं. मग मिक्सर गेला. माझा शाळेतला आदर्श शिक्षिकेचा शाल-नारळ गेला. जिन्यातली माणसं दारात गोळा झाली. खालच्या मजल्यावरचे जोशी काका, जे आमच्या कुकरच्या शिट्टीचीही तक्रार करायचे, त्यांनी आमचा फ्रीज बोलीत घेतला. शेवटी तू स्वतःच खुर्चीवर उभा राहिलास. "हा शेवटचा नग. जुना माल, बिडीचा वास मारतो, गॅरंटी कसलीच नाय. बोला."

कुणी बोललं नाही. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "घेतला."

चारचौघांत तुझ्याशी कधी न बोललेली वहिनी. तू खुर्चीवरून उतरलास आणि म्हणालास, "चला, सौदा तुटला, पट्टी झाली. जेवायला वाढा." त्या संध्याकाळचं कुणी मोबाईलवर काही घेतलं नाही. सगळ्यांचेच हात दुसरीकडे गुंतले होते, टाळ्यांत नाहीतर डोळ्यांशी.

ऑपरेशननंतर तू शुद्धीवर आलास तेव्हा नाकात नळी होती आणि गळ्याच्या भोकातून श्वासाचा आवाज येत होता. तुला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले आणि काहीच आलं नाही. तुझ्या डोळ्यांत जे दिसलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहीत नाही.

पुढे शेकासाठी तुम्ही दोघं आमच्याकडे राहिलात. रोज हॉस्पिटल, रोज तो रेडिएशनचा शेक, गळ्याची कातडी भाजून काळी पडलेली, अन्नाला चव नाही. नाकातून हवाच जात नाही म्हटल्यावर वासही गेला. हातात कांदा घेऊन नुसत्या वासावर तो किती टिकेल सांगणारा माणूस तू. एकदा मी फोडणी दिली, मिरचीनं आम्ही सगळे ठसकत होतो आणि तू मात्र शांतपणे बसला होतास. आम्ही का खोकतोय हे तुला कळलं आणि तू ताट ढकलून गॅलरीत निघून गेलास. बराच वेळ पाठमोरा उभा होतास. गरम चहावर फुंकर घालता येत नाही, शीळ घालता येत नाही, मोठ्यानं हसता येत नाही, ही एकेक गोष्ट तुला रोज नव्यानं कळत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाईक फुलांची चित्रं पाठवून 'पॉझिटिव्ह राहा' लिहायचे. त्यांना काय जातंय लिहायला.

तुझ्या बऱ्या दिवसांचं कौतुक सगळे करतात. मला त्या वाईट दिवसांचंही कौतुक वाटतं. तू वाईट दिवस वाईट म्हणून काढायचास. त्याला गोड नाव द्यायचा नाहीस, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लांबवायचाही नाहीस. गॅलरीतून आत आलास, ताट पुन्हा पुढे ओढलंस आणि चहा बशीत ओतून गार करून प्यायलास. वहिनीला बोलवायला तू ताटावर चमचा वाजवायला सुरुवात केलीस तेव्हा ती मला म्हणाली, "इतक्या वर्षांत कधी हाक मारली नाय. आता चमचा तरी वाजतोय." हे ऐकून तू पहिल्यांदा ते बिनआवाजाचं हसलास.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. गळ्याला लावून बोलायचं मशीन त्यांनी दाखवलं. तू मान हलवलीस आणि पाटीवर लिहिलंस, 'एक हात मशीनला गेला तर कांदा कुठल्या हातानं बघू?' मग त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. तोंडानं हवा गिळायची, ती अन्ननलिकेतून परत वर आणायची आणि तिच्यावर शब्द बसवायचा. थोडक्यात, ढेकर देत बोलायचं. तू मॅडमकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मला कळलं तुझ्या मनात काय आलं ते. पंगतीत ढेकर दिल्याबद्दल आईनं तुला उलथन्यानं मारलं होतं. आता त्याचीच शिकवणी लावायची होती.

तू रोज सकाळी आमच्या गॅलरीत रियाजाला बसायचास. आधी नुसतेच ढेकर, लहान, मोठे, मध्येच अडकलेले. चौथ्या की पाचव्या दिवशी जोशी काकूंनी वाटीभर भाजलेला ओवा पाठवला, वर निरोप, "भावाला म्हणावं, रात्री हरभरा खाऊ नका." मी त्यांना समजावून सांगणार होते, पण तू मला थांबवलंस. तू तो ओवा मन लावून खाल्लास आणि वाटी धुऊन स्वतः परत द्यायला गेलास. पुढे काकूंना खरं कळलं तेव्हा त्या रडायलाच लागल्या. तू त्यांच्यासमोर एक दणदणीत ढेकर दिलास, तेव्हा कुठे त्या हसल्या.

आणि मग एक दिवस मी जेवण वाढून वळले आणि मागून आवाज आला. खालचा, खरखरीत, जुन्या कवाडाच्या बिजागरीसारखा. "बेबे. भात कच्चा."

वहिनीनं माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि भाताचं शीत दाबून पाहिलं. इतक्या आठवड्यांनी बोललास, दादा, आणि बोललास काय, तर माझ्या भाताला नाव ठेवलंस. भात खरंच कच्चा होता.

त्यानंतरच्या दिवाळीत मी भाऊबीजेला गावी आले आणि मार्केट उघडायच्या दिवसापर्यंत राहिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुहूर्ताचा लिलाव होतो, पहिल्या ट्रॅक्टरला हार घालतात, नारळ फोडतात. तू म्हणालास, "जाऊन येऊ. नुसतं बघायला." गळ्याला पांढरं उपरणं गुंडाळलंस, धूळ आत जाऊ नये म्हणून. आपण पोचेपर्यंत मुहूर्त होऊन गेला होता आणि घोळका दुसऱ्या ट्रॉलीपाशी होता. व्यापाऱ्यांनी तुला पाहिलं आणि सगळे एकदम गप्प झाले. तुझ्या जागी आलेला नवा पुकारणाराही थांबला. एकानं टोपी काढली. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, उलट माया होती. पण ट्रॉलीवर उभा असलेला शेतकरी येवल्याकडचा होता, तू कोण हे त्याला माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की त्याचा नवा लाल कांदा बघून मार्केट मुकं झालंय.

तो रडवेला झाला. "काय झालं ओ शेठ? माल खराब हाय का? का कोनीच बोली करंना?"

तू त्याच्याकडे पाहिलंस. पुढे झालास. ट्रॉलीतला एक कांदा उचलला, दाबून पाहिला, वर धरला. मला तुझी हवा गिळताना हललेली मान दिसली. आणि तू म्हणालास, "बोला."

तो आवाज फार लांब गेला नसेल. मागच्या दोन-तीन ट्रॉल्यांपर्यंत, बस. एक म्हातारा व्यापारी घसा खाकरून पहिला भाव बोलला, त्यावर दुसरा बोलला आणि लिलाव धावायला लागला. लोक तुला मिठ्या मारायला आले, तर तू त्यांना हातानं मागे सारत होतास, आधी ट्रॉली होऊ द्या म्हणून. परतीच्या वाटेवर मी डोळे पुसत होते आणि तू चिडलेला होतास. "त्याची काय चूक, बेबे? माझं दुखणं आन त्याचा भाव पडायचा का?"

ते वाक्य मी पुढे वर्गात कितीतरी वेळा सांगितलं. वाक्य कुणाचं ते सांगितलं नाही, नाहीतर तू रॉयल्टी मागितली असतीस.

पुकारायचं काम तुला पुन्हा मिळालं नाही. मिळणारही नव्हतं, आणि तू ते मागितलंही नाहीस. तू गेटवर गाड्यांच्या रांगा लावायला लागलास. दोन हातांनी आणि तेवढ्याशा आवाजानं ट्रॅक्टरवाल्यांना असा दम द्यायचास, की तुझं ऐकायला त्यांना इंजिन बंद करावं लागायचं. मार्केटमध्ये पूर्वी कुणासाठी इंजिनं बंद झाली नव्हती, असं तू मला ऐटीत सांगायचास.

आणि महिन्यातून एकदा नाशिकला यायचास, तुझ्या ढेकरशाळेला. नाव तूच ठेवलं होतंस. हॉस्पिटलातल्या मॅडम नव्या पेशंटना तुझ्याकडे सोपवायच्या. मालेगावच्या एका बाई तुला आठवतात ना, यंत्रमागावर काम करणाऱ्या? ऑपरेशन होऊन कितीतरी दिवस झाले, पण त्या तोंड उघडायला तयार नव्हत्या. परक्या पुरुषांसमोर ढेकर द्यायचा म्हणजे काय. त्यांचा नवरा समजावून थकला. तू काही समजावलंच नाहीस. खुर्ची उचललीस, त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसलास आणि एक ढेकर दिलास. थांबलास. पुन्हा दिलास. बऱ्याच वेळानं मागून बारीकसा ढेकर आला. तू भिंतीला म्हणालास, "माशाल्ला." सगळी खोली हसली आणि बाईही हसल्या, पदराआड. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या घरून ईदला शीरखुर्मा माझ्या पत्त्यावर यायचा, भाईजानसाठी.

कुणी तुला विचारलं, देवानं तुमच्याच नशिबी हे का दिलं, तर तू म्हणायचास, "देवाला कशाला मधे आनता? बिडी मी ओढली."

फक्त एकदा तुला खरोखर खचलेलं मी पाहिलं. चिऊ, तुझी नात, तीन महिन्यांची असताना तू तिला मांडीवर घेऊन काहीतरी बोललास आणि ती किंचाळून रडली. त्यानंतर तू कितीतरी दिवस घरात बोललाच नाहीस. पुन्हा चमचा वाजायला लागला. वहिनीनं मला बोलावून घेतलं. मी तुझ्याशी भांडायच्या तयारीनं आले, पण मी काही बोलायच्या आत वहिनीच चिडली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. चिऊला तुझ्या मांडीवर ठेवत ती म्हणाली, "रडंल दोन दिस. तुमचा आवाज हाय तो. तिला नाय आवडला तर तिनं सवय करावी." चिऊ रडली, आणि तिनं सवय केली. पुढे बोलायला लागल्यावर तिनं तिच्या आईच्या वडिलांना, त्या सज्जन गृहस्थांना, भर पाहुण्यांत विचारलं, "तुम्ही आजोबांसारखं का नाही बोलत?" त्या रात्री तू मला ते फोनवर तीनदा सांगितलंस.

या वर्षी ते पुन्हा आलं, फुफ्फुसांत. तू औषधं घेतलीस, जेवढी घेण्यात अर्थ होता तेवढी. मग डॉक्टरांना नमस्कार करून म्हणालास, "साहेब, आता घरी जातो." मला वाटलं मी भांडेन. पण तू इतका स्वस्थ दिसत होतास, की मी तुझी बॅग भरायला घेतली. शेवटच्या आठवड्यांत श्वास पुरत नव्हता, दारात ऑक्सिजनचं सिलेंडर उभं होतं, आणि तरी तू बोलत होतास. कारण तुझा दुसरा आवाज फुफ्फुसांवर चालत नव्हताच. फुफ्फुसं थकली, तरी गिळलेल्या हवेवर तुझ्या टवाळ्या चालूच राहिल्या. डॉक्टर घरी आले तर त्यांना म्हणालास, "सायलेन्सर गेलाय, हॉर्न चालू हाय."

एका दुपारी घरात आपण दोघंच होतो. मी तुझे पाय चेपत होते. इतकी वर्षं गिळलेला प्रश्न मी शेवटी विचारला. "दादा, तेव्हा मी बरोबर केलं ना?"

"काय?"

"ऑपरेशनसाठी तुझ्या मागे लागले ते. तुझा आवाज घालवला ना मी."

तू दुसरा पाय माझ्यापुढे सरकवलास. मग म्हणालास, "बेबे, पाय जोरात चेप. पगार घेतलाय ना मास्तरकीचा?"

तेवढंच. मी पुन्हा विचारलं नाही. तू पुन्हा त्यावर बोलला नाहीस. तू गेल्यापासून मी हाच प्रश्न घोळवतेय. तू हो म्हणाला नाहीस, कारण ते खरं नव्हतं का? की नाही म्हणून मला दुखवायचं नव्हतं? मार्केटातली माणसं येऊन तुझ्या जुन्या आवाजाच्या आठवणी सांगायची आणि प्रत्येक आठवणीगणिक मला वाटायचं, हे सगळं मी या माणसाकडून काढून घेतलं. जीव दिला, पण त्याच्या बदल्यात केवढं घेतलं.

तेराव्याला जेवणावळ उरकली आणि आम्ही घरचेच उरलो. तेव्हा योगेशला, तुझ्या लेकाला, मार्केटातल्या कुणीतरी एक जुना व्हिडिओ पाठवला. तुझा लिलाव. बिडीच्या काळातला, काळे केस, धडधाकट तू. त्यानं फोन मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला. सगळे सरसावून बसले. भोंगा वाजला. केवढा मोठा आवाज, दादा, पत्रे हादरतील असा. मावशी हुंदके द्यायला लागली. आणि मी त्या फोनकडे बघत बसले. तोंड तुझं होतं, हात तुझे होते, पण तो आवाज मला ओळखीचाच वाटेना. मी आठवून पाहिलं. तू मला सायकल शिकवलीस ते आठवलं, माझ्या लग्नात तू पाठवणीला रडलास ते आठवलं, आणि त्या प्रत्येक आठवणीत तू खरखरीत, ढेकर देत बोलत होतास. सायकलच्या मागे धावणारा तो शाळकरी पोरगासुद्धा त्याच आवाजात ओरडत होता, बेबे, समोर बघ.

मला वाटलं, हे फक्त माझंच होतंय. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली वहिनी म्हणाली, "योगेश, हा नको. ह्यांचा लाव."

योगेशला क्षणभर कळलं नाही. मग त्यानं व्हिडिओ बंद केला, तू त्याला पाठवलेला शेवटचा व्हॉइस मेसेज शोधला आणि लावला. आम्ही सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"योग्या, येताना. आईसाठी. पपई आन. पिकलेली बघ."